धुराचा बोजा कोणाच्या सातबाऱ्यावर?

अकोला-पूर्णा लोहमार्गावर जऊळका स्थानकात उतरून कोणत्याही बाजूला पाहा, मोठ्या कारखान्याचे धुराडे नजरेस पडणार नाही. दिसेल ते सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, आणि विहिरीला पाणी असेल तर पुढे हरभरा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातली चार नावे होती: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. अशा जिल्ह्यातल्या, मालेगाव तालुक्यातल्या एका गावात बसून कारखान्यांच्या धुरावर सरकारने नियंत्रण ठेवावे असे म्हणणे अनेकांना विपरीत वाटते. "आपल्याकडे कारखाने यावेत म्हणून आपण हात जोडायचे, की आलेल्यांना लगाम घाला म्हणून अर्ज करायचे?" हा प्रश्न मला माझ्याच माणसांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर हिशेबाने द्यायला हवे.

हा वाद आता चर्चेपुरता राहिलेला नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली हरितगृह वायूंच्या उत्सर्जन-तीव्रतेचे नियम अधिसूचित केले. सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि कॉस्टिक सोडा-क्लोरीन या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना त्यांनी प्रत्येकी एक आकडा नेमून दिला. २०२३-२४ मध्ये तुमच्या एक टन मालामागे इतका वायू हवेत गेला. २०२५-२६ मध्ये तो इतका खाली आणा, २०२६-२७ मध्ये आणखी इतका. जो कारखाना आकड्याच्याही खाली जाईल त्याला प्रमाणपत्रे मिळतील आणि ती तो विकू शकेल. जो वर राहील त्याने ती विकत घ्यावीत. तेही केले नाही, तर प्रमाणपत्राच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई भरावी. नियम एवढाच आहे.

त्यावरचा पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडतो. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मग ते खोडण्यात पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्ष म्हणतो: भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकन माणसामागे त्याच्या सातपट. दीडशे वर्षे ज्यांनी कोळसा जाळून घरे भरली, त्यांनी घडवलेल्या संकटाची शिक्षा आम्ही का भोगावी? शिवाय उद्योगावर टाकलेला खर्च उद्योग स्वतःच्या खिशातून कधीच देत नाही. तो मालाच्या किमतीत जातो, किमतीतून मागणीवर आणि मागणीतून रोजगारावर येतो. शेवटी मार बसतो तो घरकुल बांधणाऱ्या गरिबाला आणि कारखान्याची वाट पाहणाऱ्या मागास जिल्ह्याला. युरोपने आपल्या सीमेवर कार्बनची आकारणी सुरू केली तीही पर्यावरणाच्या नावाखाली स्वतःचे कारखाने जपण्यासाठी. आणि श्रीमंतांनाही हे झेपले कुठे? ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये कार्बनला किंमत लावली आणि २०१४ मध्ये ती रद्द केली. फ्रान्समध्ये इंधनावरच्या वाढत्या करामुळे २०१८ मध्ये लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर आले. कॅनडाने १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा कार्बन कर बंद केला. मग आपण कोणत्या बळावर हा भार उचलायचा?

हे म्हणणे मूर्खपणाचे नाही. त्यातला पहिला मुद्दा तर मला पूर्ण मान्य आहे. पण खरी विधाने एकापुढे एक ठेवली म्हणजे त्यांतून काढलेला निष्कर्षही खरा ठरतो असे नाही.

सुरुवात नियमाच्या वाचनापासून करतो, कारण बहुतेक टीका नियम न वाचता झालेली आहे. या नियमाने उत्पादनावर मर्यादा घातलेली नाही. कारखान्याने किती माल काढावा हे सरकार सांगत नाही; एक टन माल काढताना किती वायू सोडावा एवढेच सांगते. ज्याला दुप्पट सिमेंट काढायचे आहे त्याने खुशाल काढावे, नवी भट्टी उभारावी, नवी माणसे घ्यावीत. विकासाला लगाम घातला असे म्हणणाऱ्याने तो लगाम नियमाच्या कोणत्या कलमात आहे ते दाखवावे. तो तिथे नाही.

आता किमतीचा प्रश्न. उदाहरण सिमेंटचे घेतो, कारण ते प्रत्येकाने विकत घेतलेले आहे. भारतात एक टन सिमेंटमागे साधारण ६०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागे ३० किलो. सिमेंट उद्योगाला या पहिल्या टप्प्यात जी घट सांगितली आहे ती सरासरीने साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. तीस किलोचे साडेतीन टक्के म्हणजे एक किलोला थोडे अधिक. समजा एका कारखान्याने काहीही सुधारणा केली नाही. भट्टी तीच, कोळसा तोच, निष्काळजीपणाही तोच. त्याला पोत्यामागे या एका किलोचे पैसे मोजावे लागतील. प्रमाणपत्राचा भाव बाजार ठरवील. आपण हिशेबापुरता टनाला एक हजार रुपये धरू. पोत्यामागे एक रुपया झाला. प्रमाणपत्रही घेतले नाही आणि दुप्पट भरपाई भरली, तर दोन रुपये. घरकुलाला दीडशे पोती लागतात असे धरले, तर सर्वांत आळशी कारखान्याचे सिमेंट घेऊनही घरामागे तीनशे रुपये. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पोत्याचा भाव याहून कितीतरी अधिक हलतो. तेव्हा अर्थव्यवस्था कोसळल्याची ओरड कोणी केली आहे काय?

यावर विरोधक म्हणतील, आज लक्ष्य सौम्य आहे, उद्या कडक होईल. होईल, आणि व्हायलाच हवे. पण तो हिशेबही करून टाकू. उद्या सबंध तीस किलोंना किंमत लावली, एक किलोचीही सवलत दिली नाही, तरी याच दराने पोत्यामागे तीस रुपये होतात. ही रक्कम लहान नाही हे मी मान्य करतो. पण ती सर्वनाशही नाही. आणि तीही तेव्हाच, जेव्हा कारखाना वर्षानुवर्षे हातावर हात ठेवून बसेल.

कारखाना तसा बसत नाही. याचा पुरावा आमच्या विदर्भातच पडून आहे, राखेच्या रूपाने.

चंद्रपूरच्या सिमेंट पट्ट्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस येथे मोठे कारखाने आहेत. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून चव्वेचाळीस किलो. भट्टीत कोळसा जाळा की आणखी काही जाळा, हा वायू निघणारच, कारण तो दगडातच आहे. म्हणून सिमेंटचे उत्सर्जन कमी करण्याची खरी गुरुकिल्ली एकच: भाजलेल्या दगडाचे, म्हणजे क्लिंकरचे, प्रमाण कमी करणे. त्याच्या जागी घालता येणारी वस्तू कोणती? औष्णिक वीजकेंद्राची उडती राख. भारतीय मानकानुसार पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते.

ही राख एकेकाळी निव्वळ उपद्रव होती. आपल्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. अकोला जिल्ह्यातल्या पारसची प्रत्येकी २५० मेगावॅटची दोन युनिटे असोत की चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे महाकाय केंद्र, राख पाण्यात कालवून तळ्यांत सोडायची, तळे भरले की दुसरे खणायचे, आणि उन्हाळ्यात वाळून उडाली की गावांनी ती श्वासात घ्यायची. १९९६-९७ मध्ये देशातल्या या राखेपैकी दहा टक्केसुद्धा उपयोगात येत नव्हती. बाजार तेव्हाही होता, सिमेंटवाले होते, राखही होती. तरी बाजाराने ती उचलली नाही. का? कारण ती हवेत आणि पाण्यात सोडणे फुकट होते. फुकटाशी कोणता धंदा स्पर्धा करणार?

सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्राने राखेच्या वापराची अधिसूचना काढली. वीजकेंद्राने राख द्यावी, आणि आसपासच्या ५० किलोमीटरांतल्या बांधकाम साहित्य बनवणाऱ्यांनी ती वापरावी. पुढे हे अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटरांपर्यंत गेले. नियम सुरळीत अमलात आला असे मी म्हणणार नाही; मुदतींवर मुदती दिल्या गेल्या, आणि न उचललेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाईची तरतूद यायला डिसेंबर २०२१ उजाडला. तरीही २०२०-२१ पर्यंत वापर नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला होता. या काळात सिमेंट उद्योग बुडाला काय? भारत सिमेंट उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळाला, क्लिंकर वाचले, कोळसा वाचला, आणि दर टनामागचा वायूही घटला. जो खर्च म्हणून पुढे केला होता तो नफ्याच्या खात्यात जमा झाला. राखेच्या विटांचा नवा धंदा उभा राहिला तो वेगळाच.

नियमनाने उद्योग मरतो असे म्हणणाऱ्यांनी या राखेचे उत्तर द्यावे.

दुसरा पुरावा थेट याच नियमाच्या पूर्वजाचा आहे. २०१२ ते २०१५ या काळात ऊर्जा कार्यक्षमतेच्या 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड' योजनेचे पहिले चक्र झाले. आठ क्षेत्रांतल्या ४७८ उद्योगघटकांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य दिले होते. एकूण लक्ष्य ६६.८ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचे; प्रत्यक्ष बचत झाली ८६.७ लाख टनांची. लक्ष्य चुकलेल्यांनी पुढे सुमारे १३ लाख प्रमाणपत्रे विकत घेतली आणि त्यांची एकूण उलाढाल झाली जवळपास शंभर कोटी रुपये. म्हणजे सरासरीने एका प्रमाणपत्राला आठशे रुपयेही पडले नाहीत. आधी सांगितला जात होता तो बोजा खरोखर असता, तर ही प्रमाणपत्रे इतकी स्वस्त गेली नसती. उद्योगाच्या प्रतिनिधीने परिषदेत काय सांगितले यापेक्षा त्याने बाजारात काय किंमत मोजली हा पुरावा मी श्रेष्ठ मानतो. वाचकांनीही मानावा.

याच आकड्यांवरून लक्ष्यच ढिले होते असे कोणी म्हटले, तर तेही खरे आहे. पण मग तक्रार नियमनाच्या जाचाची राहत नाही, त्याच्या सौम्यपणाची होते. एकाच वेळी दोन्ही तक्रारी करता येणार नाहीत.

स्वीडनचे उदाहरण या वादात नेहमी दिले जाते: १९९१ पासून कार्बन कर, उत्सर्जन घटले, उत्पन्न वाढले. मी ते देणार नाही. स्वीडनकडे मुबलक जलविद्युत आहे, लोकसंख्या मूठभर आहे, आणि आमच्या प्रतिपक्षाला ते उदाहरण एका वाक्यात फेटाळता येते. आपलेच उदाहरण पुरेसे आहे. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. सहा वर्षांत आठपट. या कराने कोळसा धंदा कोसळला काय? २०१०-११ मध्ये देशात सुमारे ५३ कोटी टन कोळसा निघत होता. २०२४-२५ मध्ये तो १०० कोटी टनांच्या वर गेला. माझे दुःख उलटेच आहे. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा झालेला हा उपकर २०१७ नंतर वस्तू व सेवा कराच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. धुरावर घेतलेला पैसा धूर कमी करायला लागला नाही. पण कराने अर्थव्यवस्था मोडली हे विधान मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही. २००५ ते २०२० या काळात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले, हे सरकारने संयुक्त राष्ट्रांना अधिकृतपणे कळवले आहे. त्याच काळात उत्पन्न वाढतच होते.

आणि प्रमाणपत्रांच्या बाजाराचा अनुभव हवा असेल तर तो दूरचा नाही. खानदेशातली हजारो कुटुंबे ज्या सुरतेत पोट भरतात, तिथे २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुरातल्या कणांसाठी असा बाजार सुरू केला. तीनशेवर कारखान्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना जुन्या पद्धतीत ठेवले आणि काहींना नव्या. नव्या पद्धतीतल्या कारखान्यांचे प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले आणि नियम पाळण्याचा खर्चही सुमारे ११ टक्क्यांनी उतरला. कण वेगळे आणि कार्बन वेगळा, हे मी विसरलेलो नाही. पण भारतीय कारखानदार अशा बाजारात वागूच शकणार नाही, इथे सगळी फसवाफसवीच होणार, हा आक्षेप सुरतेने निकालात काढला आहे.

परकीयांच्या हेतूकडे वळतो. युरोपची सीमेवरची आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. तिच्यात युरोपचा स्वार्थ आहे का? आहे. मला त्याबद्दल शंका नाही. पण हा युक्तिवाद महाराष्ट्राने पूर्वी एकदा ऐकला आहे, आणि तेव्हा त्याचे उत्तर एका मराठी माणसाने दिले होते.

१८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामाचे तास कायद्याने बांधावेत असा विषय निघाला, तेव्हा गिरणीमालक आणि त्यांच्या बाजूची राष्ट्रीय वृत्तपत्रे म्हणत होती की हे लँकेशायरचे कारस्थान आहे. तिथल्या कापडवाल्यांना हिंदी गिरण्यांची स्पर्धा नको, म्हणून त्यांना कामगारांचा पुळका आला आहे. लँकेशायरचा स्वार्थ खोटा नव्हता. मँचेस्टरचे व्यापारी खरोखरच त्यासाठी दबाव आणत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांना हे ठाऊक नव्हते काय? तरी त्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या, सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले आणि आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार मागितला. मँचेस्टरचा हेतू मलिन आहे म्हणून परळच्या कामगाराचे कंबरडे दुखायचे थांबत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्या तीन दशकांत मुंबईचा गिरणधंदा आकुंचला नाही, वाढला.

मागणी करणाऱ्याचा हेतू आणि मागणीतले सत्य या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या असतात. लोखंड्यांनी त्या वेगळ्या तपासल्या. आपणही तपासू.

व्यवहाराच्या अंगानेही पाहा. युरोपच्या नियमात अशी तरतूद आहे की निर्यातदाराने आपल्या देशात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरली असेल, तर ती वजा मागता येते. म्हणजे आपल्या पोलादावर किंवा ॲल्युमिनियमवर आकारणी व्हायचीच असेल, तर ती रक्कम दिल्लीच्या तिजोरीत आणि देशी बाजारात राहावी की ब्रसेल्सला जावी, एवढाच प्रश्न उरतो. स्वाभिमानाच्या नावाने नियमन नाकारणारे ती रक्कम ब्रसेल्सला पाठवा असेच म्हणत आहेत, त्यांना तसे म्हणायचे नसले तरी. स्पर्धेचे म्हणाल तर चीनने २०२१ मध्ये आपला राष्ट्रीय कार्बन बाजार सुरू केला आणि मार्च २०२५ मध्ये पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियम त्यात आणले. ज्याच्या भीतीने आपण नियम टाळायचे म्हणतो, तो स्पर्धकच नियमाखाली गेला आहे.

ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, कॅनडा ही तीन उदाहरणे पूर्वपक्षाची सर्वांत धारदार शस्त्रे समजली जातात. ती जरा हातात घेऊन पाहा. फ्रान्समध्ये लोक चिडले ते पंपावरच्या इंधनकरावर, म्हणजे घरगुती ग्राहकाच्या करावर. कॅनडाने मागे घेतला तोही ग्राहकांवरचा कर. मोठ्या उद्योगांच्या उत्सर्जनावरची किंमत तिथे चालू ठेवली गेली. ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये किंमत रद्द केली खरी, पण २०१६ मध्ये मोठ्या उत्सर्जक उद्योगांसाठी कमाल पातळी ठरवणारी व्यवस्था आणली आणि जुलै २०२३ पासून ती पातळी दरवर्षी ४.९ टक्क्यांनी उतरवायला सुरुवात केली. म्हणजे सामान्य माणसाच्या खिशातून कर काढणे राजकारणात टिकत नाही, आणि मोठ्या उद्योगांचे नियमन टिकते, असे ही तीन उदाहरणे सांगतात. भारताचा नियम कोणावर आहे? मोठ्या कारखान्यांवर. दुचाकीत पेट्रोल भरणाऱ्यावर नाही. ही तिन्ही उदाहरणे माझ्या बाजूची साक्षीदार आहेत.

आता त्या पहिल्या मुद्द्याकडे येतो, जो मला मान्य आहे असे म्हटले: न्यायाचा. अमेरिकन माणसाने सातपट धूर सोडला, त्याने अधिक भार उचलावा, हे बरोबरच आहे. पण हा न्याय देशाच्या सीमेवर येऊन थांबतो काय? ज्या तत्त्वाने भारत अमेरिकेला जाब विचारतो, त्याच तत्त्वाने जऊळक्याचा कोरडवाहू शेतकरी सिमेंटच्या भट्टीला जाब का विचारू शकत नाही? देशाची माणशी दोन टनांची सरासरी ही माझ्या गावच्या शेतमजुराच्या नावावर दाखवलेली उसनी रक्कम आहे. त्याचा धूर त्याच्या चुलीपुरता. त्याच्या गरिबीच्या आडोशाला मोठ्या धुराड्यांनी उभे राहावे, हे न्यायाच्या कोणत्या व्याख्येत बसते?

अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांचा दाखला दिला आहे. इंजिन धावते, ठिणग्या उडतात, रुळालगतचे रान जळते, आणि नुकसान रेल्वेच्या हिशेबात कुठेच येत नाही. आमच्या मार्गावर मीटरगेजची वाफेची इंजिने धावत होती, तेव्हा रुळालगत शेत असलेल्याला हा दाखला समजावून सांगावा लागला नसता. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट तीच आहे, फक्त रूळ आणि शेत यांत अंतर फार आहे. धुराडे घुग्घुसला असो की गुजरातेत, वायू सगळ्या आकाशाचा होतो.

आणि ठिणगी पडते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. मग पाऊस रोज थोडा पडण्याऐवजी एकदम कोसळतो. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची सुडी भिजून दाण्यांना कोंब फुटणे म्हणजे काय, हे वाशीम जिल्ह्याला सांगायला नको. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा पंचेचाळिशीपार गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावे लागले. आस्थापनांनी कामगारांना पाणी आणि पंखे पुरवावेत, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत, असे त्या आदेशात होते. हेही नियमनच आहे. फरक इतकाच की ते धुराड्यावर न लागता मजुराच्या कामाच्या वेळेवर आणि मुलांच्या शिकवणीवर लागले. नियमन हवे की नको, हा पर्याय आपल्यासमोर उरलेलाच नाही. ते कोणावर, एवढेच ठरवायचे आहे.

खर्चाचेही तसेच. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जासह २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प पंधरा जिल्ह्यांना हवामानबदलाशी जुळवून घ्यायला मदत करण्यासाठी होता. त्यात वाशीम आहे. हे कर्ज कोण फेडणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टी आणि पुराच्या नुकसानीसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या पावसाचा सगळा दोष कार्बनवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि मी तो टाकत नाही. पण त्यातला काही हिस्सा जरी तापलेल्या हवेचा असेल, तर तो कोणी भरला? करदात्याने भरला, आणि पंचनाम्यात न आलेला उरलेला भाग शेतकऱ्याने भरला. पीककर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात निदान लिहिलेला तरी असतो. धुराचा बोजा कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून तो नाही असे समजले जाते. उद्योगावर खर्च टाकू नका याचा अर्थ खर्च होऊ देऊ नका असा होत नाही. तो दुसऱ्यावर टाका, असाच होतो.

मग या नियमावर मी समाधानी आहे काय? नाही. माझी तक्रार पूर्वपक्षाच्या नेमकी उलट दिशेची आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अधिसूचनेत कोळशावरची वीजकेंद्रे नाहीत, आणि देशाच्या धुराचा सर्वांत मोठा स्रोत तीच आहेत. चार लहान दारांवर पहारा बसवला आणि महाद्वार उघडे राहिले. दुसरी तक्रार डळमळीतपणाची. वीजकेंद्रांच्या गंधकवायूचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये ठरले, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. ज्यांनी निकष खरे मानून वेळेत पैसे घातले, ते मूर्ख ठरले. उद्योगाचे खरे नुकसान असे होते. कडक पण ठाम नियम कारखानदार हिशेबात धरतो. दर दोन वर्षांनी वाकणारा नियम त्याला हिशेबच करू देत नाही.

वाशीमला कारखाने यावेत अशी माझी इच्छा माझ्याशी वाद घालणाऱ्यांपेक्षा तसूभरही कमी नाही. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, आणि त्याच्या कडेला उद्योग उभे राहिले तर आमची मुले पुण्याच्या गाड्या धरणार नाहीत. पण जो उद्योग येईल त्याने पहिल्या दिवसापासून आपल्या धुराचा हिशेब द्यावा, मागासलेपणाच्या नावाने त्यातून सवलत मागू नये, आणि आम्हीही ती देऊ करू नये. वीजकेंद्रांना या नियमाखाली आणावे, आणि भरपाईची जी रक्कम जमा होईल तिचा वाटा हवामानाचा मार खाणाऱ्या जिल्ह्यांना मिळावा. आपल्या आमदार-खासदारांकडे, ग्रामसभेच्या ठरावात, वाशीमकरांनी हे मागावे. दोन्ही पक्ष आता वाचकांसमोर आहेत. पोत्यामागचा एक रुपया एका बाजूला आणि भिजलेली सुडी दुसऱ्या बाजूला ठेवून निकाल त्यांनी द्यावा.